एकही खाडा नाही

"एक हजार पंच्याण्णव दिवस!" तालमीचे वस्ताद हंबीरराव माइकमध्ये ओरडले आणि हजेरीचं रजिस्टर त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. "तीन वर्षांत एकबी खाडा न्हाय!"

टाळ्या पडल्या. मांडव तालमीच्या दारात, शिवाजी पेठेतल्या भर रस्त्यावर घातला होता, कारण आत मारुती असल्यामुळे बायकांना उंबरा ओलांडता येत नव्हता. आत मातीच्या जागी फरशी आली होती, चारी भिंतींना आरसे आले होते, दारावरच्या पाटीत 'फिटनेस सेंटर' आलं होतं. उंबरा तेवढा जुनाच होता.

सत्कारमूर्ती सोमेश स्टेजवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. दंड एवढे की हात अंगाला टेकत नव्हते. त्याचं सगळं लक्ष बायकांच्या पहिल्या ओळीत, त्याच्या अव्वाकडं, म्हणजे आईकडं होतं. वडील, आप्पा, श्रावणात गेले, तेव्हापासून गौराबाई त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. ताट वाढायची, सरकवायची आणि आत जायची. आज ती येणार नाही असंच तो धरून चालला होता. पण शेजारच्या बनाबाईचा हात धरून ती आली होती. सत्काराची शाल अव्वाच्या हातनंच पायजे, असं त्यानं हंबीररावांना चारदा बजावलं होतं. एकदा शाल खांद्यावर पडली की मिटलं, असं त्याला वाटत होतं.

"दिवाळीला आम्ही कुलूप घातलं, तर पठ्ठ्यानं माझ्या घरातनं किल्ली नेली," हंबीरराव सांगत होते. "पाय मुरगळला, तर आठ दिवस खांदं मारलं. आरं, बॉडी काय, कुणीबी करंल. मन घट्ट पायजे, मन! मोटिव्हेशन!"

हा शब्द त्यांनी गेल्या वर्षी पुण्याच्या एका शिबिरातून आणला होता आणि तेव्हापासून तो तालमीत रोज घुमत होता.

त्यांनी रजिस्टरचं पान उलटलं.

"आता ह्ये बघा. अठरा ऑगस्ट. ह्या दिवशी पोराचा बाप गेला. आन तरी सही हाय! म्या सोता डोळ्यांनी बघितलंय. ह्यो बाकावर आडवा, लोखंड छातीवर. ह्या बनाबाई उंबऱ्याभायेर उभ्या राहून हाका मारत्यात, 'सोमेश, आप्पाला कसंतरी व्हायलंय, चल.' अजून तीन सेट राहिलते. दुसरा कोणबी पळत सुटला असता. ह्यानं मान हलवली, 'आलोच' म्हटला, आन तिन्ही सेट पुरं करूनच उठला! ह्याला म्हणत्यात मनाचा खंबीर!"

मांडव कडाडला. सोमेशनं मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

"आता अव्वांनी शाल घालावी आन दोन शब्द बोलावं."

गौराबाई स्टेजवर आली. शाल तिनं घेतली, पण दंडावर टाकून तशीच ठेवली. स्टेजच्या मधोमध, प्रात्यक्षिकासाठी, लोखंड मांडून ठेवलं होतं. ती त्याच्याकडं बघत राहिली.

"ह्ये किती किलोचं हाय?"

"नव्वद!" हंबीररावांनी अभिमानानं सांगितलं आणि माइक तिच्या तोंडाशी धरला.

"ह्यांचंबी नव्वदच हुतं," गौराबाई म्हणाली. "पाडव्याला दुकानातल्या काट्यावर बसलते, हसत हसत. आम्ही दोघींनी उतरवलं. म्या आन बनाबाईनं. खुर्चीत बसवून. जिना अरुंद, सतरा पायऱ्या. सातव्या पायरीवर टेकवलं, दम लागला म्हणून. तितनं फुडं घाई करायची गरज पडली न्हाय."

मांडवात कुणीतरी खोकलं. स्टेजवरचे पुढारी घड्याळाकडं बघू लागले. पण हंबीरराव मुरलेले गडी. त्यांनी माइक ओढून घेतला.

"बघा मंडळी! नव्वद किलो! सात पायऱ्या! पोराची ताकद कुठनं आली, कळलं का? रक्तातच हाय की!"

सुटका झाल्यासारख्या टाळ्या पडल्या.

"आन आता सोमेश तेच नव्वद किलो बारा वेळा डोक्यावर घेऊन दाखवंल. मोजा रं सगळ्यांनी!"

सोमेश उठला. त्यानं अव्वाच्या दंडावरच्या शालीकडं बघितलं, मग तिच्या तोंडाकडं बघायला गेला आणि निम्म्यातनंच वाकला. हाताला पावडर लावली, लोखंड धरलं आणि उचललं.

"एक!" मांडव ओरडला. "दोन! तीन!"

"बारा कशाला?" गौराबाई म्हणाली. पाच महिन्यांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. आवाज चढवला नव्हता, पण सोमेशला ऐकू गेला. "एकदाच पायजे हुतं."

तिनं शालीची घडी घातली, ती त्याच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली आणि स्टेजवरून उतरली.

लोखंड डोक्यावर होतं. तिथं ते क्षणभर थांबलं. मग खाली आलं आणि पुन्हा वर गेलं. तीन वर्षांची सवय होती.

"सात! आठ!"

दोघी बायका कोपऱ्यावर वळल्या. बारा झाले, हलगी वाजली, पोरांनी शिट्ट्या मारल्या. सोमेश घामानं निथळत रस्त्याकडं बघत उभा होता. हंबीररावांनी रजिस्टर उघडून त्याच्यापुढं धरलं आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

आजची सही राहिली होती.