वळणासमोरच्या दोन खुर्च्या

माणसाने आयुष्यात एकदा तरी खरा वेग डोळ्यांनी पाहिला पाहिजे, असं मास्तर म्हणाले, तेव्हा ते शर्यतीच्या मैदानाबाहेर रांगेत उभे होते आणि रांग बराच वेळ हललेली नव्हती. शेजारी उभी असलेली बायको आपल्या गाडीच्या पैशांकडे बघत होती. ते सध्या मास्तरांच्या हातात होते, दोन तिकिटांच्या रूपात.

मास्तर गाडी चालवायला शिकवत. सगळा जन्म दुसऱ्या गिअरमध्ये, रस्त्याची कड धरून गेलेला. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक होता. शिकणारा गडबडला की तो मास्तरांनी दाबायचा. त्यांच्या हाताखाली कधी अपघात झाला नाही. तिसरा गिअरही फारसा झाला नाही. पण टीव्हीवर ही शर्यत लागली की मास्तरांना ताटातलं दिसत नसे, आणि मरायच्या आधी ती समोर बसून बघायचीच, असं त्यांनी घरात अनेकदा जाहीर केलं होतं.

बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. लॅब शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि सकाळची पाळी गाठायची तर अंधारात निघावं लागे. म्हणून तिच्यासाठी एक छोटी, जुनी गाडी घ्यायचं ठरलं. पैसे बाजूला पडले. शिकवायला घरचाच माणूस होता, आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

वळण आलं की तिची गाडी आचका देऊन बंद पडे. झाडून प्रत्येक वळणाला. तुम्ही ब्रेक दाबताय, असं ती म्हणाली. मास्तर दुखावले. बायको चालवते म्हणून आपण मुद्दाम पाय आखडून बसतो, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. नवरा खोटं बोलणाऱ्यांतला नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तेव्हा दोष आपलाच, असं ती धरून चालली. शेवटी मास्तरांनी निकाल दिला की काहींच्या हाताला गाडी बसतच नाही आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पैशांचं काय करायचं, हा प्रश्नही त्यांनीच सोडवला. गाडीसाठी ठेवलेले पैसे गाड्यांवरच जाणार असतील, तर ते भलतीकडे गेले असं कोणी म्हणू शकत नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

बायकोने वाद घातला नाही.

"मीही येणार," ती म्हणाली. "माझ्या गाडीच्या पैशांत काय येतं, ते मला बघायचंय."

त्या पैशांत आल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, भरपूर ऊन, कानात घालायचे बोळे आणि समोर एक वळण. गाड्यांचा आधी आवाज यायचा. मान वळवेपर्यंत त्या गेलेल्या असायच्या. उरलेली शर्यत पडद्यावर बघायची. पडदा घरच्या टीव्हीपेक्षा पुष्कळ मोठा होता, आणि तो घरच्या टीव्हीएवढाच दिसावा इतक्या लांब उभा केला होता.

बायकोने थोडा वेळ गाड्या बघण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. मग सोडून दिला.

एवढ्यात पुढच्या रांगेतला माणूस मागे वळला. काका, पाय आवरा जरा, दर फेरीला पाठीत बसतोय, असं तो म्हणाला. मास्तर चकित झाले. कोण, मी? मी तर मघापासून हललोसुद्धा नाही. माणसाने बायकोकडे सहानुभूतीने पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मग ती नवऱ्याच्या पायाकडे बघत बसली. आवाज लांबून वाढत आला. वळण अजून दूर होतं, एकाही चालकाने वेग कमी केला नव्हता, आणि मास्तरांचा पाय निघाला. बूट पुढच्या खुर्चीच्या पाठीला भिडला, गुडघा ताठ झाला. चेहरा मात्र पूजेला बसल्यासारखा शांत. जगातले निवडक चालक सुखरूप वळून गेले. पाय आपसूक मागे आला.

पुढच्या फेरीला तेच. त्याच्या पुढच्याही फेरीला तेच. पेट्रोलपंपाजवळचं वळण, शाळेच्या फाटकासमोरचं, बाजारात शिरतानाचं, सगळी वळणं तिच्या डोळ्यांसमोरून गेली. तिने आपल्या कानातले बोळे काढले, नवऱ्याच्या एका कानातलाही काढला.

"अहो, खरं सांगा. गाडी मी बंद पाडत होते का?"

"अगं, हो ना," मास्तर मायेने म्हणाले. "पण तू ते इतकं मनाला लावून घेऊ नकोस."

तेवढ्यात गाड्या आल्या. पुढचा माणूस कळवळला.

बायकोने बोळा परत नवऱ्याच्या कानात नीट बसवला आणि शर्यत संपेपर्यंत जागची हलली नाही. बाहेर पडताना बहुतेकांचे चेहरे खिसा कापल्यासारखे होते. पैसे वसूल झाल्याचा चेहरा तिचा एकटीचा होता.

दुसऱ्याच दिवशी तिने नाव घातलं ते मास्तरांच्या स्कूलसमोरच्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. घरात फुकट शिकवणारा असताना? असं मास्तरांनी विचारलं. फुकट आपल्याला परवडत नाही, असं तिने सांगितलं. त्या स्कूलमध्ये एक जण शिकवताना डुलक्या काढतो म्हणून बदनाम होता. तिने त्यालाच मागून घेतलं. तो पहिल्या वळणाच्या आधी झोपला. गाडी वळली.

परीक्षेत ती पहिल्या फटक्यात पास झाली. काहींच्या हाताला गाडी जरा उशिरा बसते, असं मास्तर आता सगळ्यांना कौतुकाने सांगतात. लायसन्स तिच्या पर्समध्ये असतं. गाडी घ्यायला पैसे नाहीत.