गालावरची तीट

जुईनगरच्या फोटो स्टुडिओत नवाकोरा कॉम्प्युटर आला आणि तिथं काम करणाऱ्या क्षिप्राला त्याचं वेडच लागलं. दोन फोटो एकमेकांत मिसळून तिसरंच काहीतरी काढायचं, हा तिचा दिवसभराचा उद्योग.

ते ऐकूनच एका दुपारी उज्वला आली. साताऱ्याकडची बाई, नवरा मार्केटात हमाल. तिला गेलेल्या बाळाचा फोटो करून हवा होता.

"वरसाच्या आत फोटू काढला की दिष्ट लागती म्हनून काढलाच न्हाई, ताई. आन् वरीस भरायच्या आधीच गेलं."

क्षिप्रानं उज्वलाच्या लग्नातला फोटो स्कॅन केला. नवऱ्याच्या चेहऱ्यावर तिचा चेहरा ठेवला, दोन्ही अर्धे पारदर्शक केले आणि फिल्टरनं गाल फुगवले. बघता बघता पडद्यावर एक गुटगुटीत बाळ हसायला लागलं.

त्याच्या गालावर काळा ठिपका होता. स्कॅनरवरची धूळ असेल म्हणून क्षिप्रानं तो पुसला. तो पुन्हा उमटला. मूळ फोटोत तर तो कुठंच नव्हता.

"पुसू नका," उज्वला म्हणाली. "तीट हाय ती. रोज मीच लावायची."

तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. "लई उपकार झालं, ताई." तिनं काचेवरून, बाळाच्या गालांवरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

क्षिप्रानंही डोळे पुसले आणि वर पाहिलं.

पडद्यावरची तीट गालभर फिसकटली होती, आणि उज्वलाच्या कानशिलावर ओलं काजळ होतं.