आधाराचा दात

शेजारच्या गल्लीत रुही मणेरनं दातांचा दवाखाना थाटल्यापासून डॉक्टर वसुधा नेर्लेकरांचे जुने पेशंट एकेक करून तिकडे वळले होते. कालपरवापर्यंत आपल्याच हाताखाली शिकलेली पोर. वसुधाताईंना ते पाहवत नव्हतं. त्यामुळे तिकडे गेलेले घोरपडे मास्तर गाल धरून परत आले, तेव्हा वसुधाताईंना आतून बरंच वाटलं.

"रुहीनं खाली ब्रिज बसवला आणि दुखणं लागलं. दाखवायला गेलो तर हात लावीना. 'आधी मॅडमना भेटा' म्हणाली."

वसुधाताईंनी रुहीनं काढून दिलेला एक्स-रे उजेडाकडे धरला. रुहीचा ब्रिज, म्हणजे खोट्या दातांचा पूल, दोन्ही बाजूंच्या दातांवर भक्कम बसला होता. दुखत होता तो वरचा दात. नऊ वर्षांपूर्वी वसुधाताईंनीच त्या एकट्याच्या आधारानं दोन खोटे दात लटकवले होते. चावण्याचा सगळा भार सोसून त्याचं मूळ चिरलं होतं.

"तिचंच चुकलं ना?" मास्तरांनी विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही मास्तर, माझं चुकलं," त्या म्हणाल्या.

रुहीनं हे पाहिलं होतं आणि मास्तरांना एका शब्दानं सांगितलं नव्हतं. तिचं हे मोठेपण वसुधाताईंना तिच्या कामापेक्षाही जास्त झोंबलं.