बरोबर उत्तर

"प्रश्न असा निवडा, की त्याचं उत्तर फक्त दोघांना ठाऊक असेल," ती म्हणाली. "तुम्हाला आणि घरच्या एका माणसाला."

वर्गातली माणसं महिन्याभरात परदेशी मदतकार्यावर निघणार होती. कुणी विहिरी खोदायला, कुणी लसीकरणाला, कुणी शाळा उभारायला. बाकीचे तास हसतखेळत चालत. अपहरणाचा तास मात्र तिचा असे, आणि तिच्या तासाला खुर्च्यासुद्धा कुरकुरत नसत.

"मॅडम, माझं सगळं बायकोला ठाऊक," पुढच्या बाकावरचा जाडजूड आरोग्यसेवक म्हणाला. "आणि तिला ठाऊक ते तिच्या आईला. म्हणजे तिसरं माणूस आलंच."

"मग प्रश्न सासूबाईंनाच विचारू द्या. निदान खोटं उत्तर द्यायची तुमची हिंमत होणार नाही."

वर्ग हसला. हसू ओसरेपर्यंत ती थांबली.

"तुम्हाला पळवून नेणारा फोनवर काहीही सांगेल. आम्ही त्याला एवढंच म्हणतो, आमच्या माणसाला हा प्रश्न विचारून ये. म्हणून आठवण सुखाची निवडा. कोठडीत ती कानावर पडली, की घर आपल्याला शोधतंय हे कळतं. आणि आम्हाला उत्तरावरून कळतं. बरोबर उत्तर म्हणजे जिवंत माणूस. लिहून घ्या."

सगळ्यांनी लिहून घेतलं. शेवटच्या रांगेत बसलेल्या दुभाष्यानं तेवढं पेन उचललं नाही. तो शिकायला आलेला नव्हता. प्रशिक्षकाच्या जागेसाठी त्याची मुलाखत होती, आणि आधी एक तास बसून बघा, असं तिनंच त्याला सांगितलं होतं.

"आणखी एक. कोठडीत सोबतीला कुणी असेल, तर त्याला नाव-गाव सांगू नका. त्याचंही विचारू नका. मार खाताना माणूस काय बोलून जाईल, याचा नेम नसतो."

तास संपला आणि फोन वाजला. दीर होता.

"वहिनी, उद्या कोर्टात येताय ना? दादाला मृत ठरवायचा अर्ज तुमच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही."

"मी सही करणार नाही, भाऊजी."

"दादाला जाऊन किती वर्षं झाली..."

"जाऊन म्हणू नका. उत्तर बरोबर आलं होतं."

"एकदा आलं! त्यानंतर काही आलं का?" मग हलक्या आवाजात म्हणाला, "आईला रडायचंय, वहिनी. तुमच्या धाकानं बिचारी रडतही नाही. ताट वाढलं की दाराकडे बघते. एकदा मोकळी होऊ द्या तिला."

तिनं फोन बंद केला.

लग्नानंतरची त्यांची पहिली खोली जेमतेम एका खाटेची होती. दाराची कडी कोयंड्यावर बसायची, पण टिकायची नाही. मग रोज कोयंड्यात चमचा अडकवायचा. चमचा घालता घालता नवरा म्हणायचा, चोर आला तर त्याला आधी जेवायला वाढावं लागेल. त्याला पळवून नेलं तेव्हा तिनं प्रश्न पाठवला होता, पहिल्या खोलीचं दार कशानं बंद करायचो? उत्तर आलं, चमच्यानं. एक शब्द. त्या शब्दावर ती इतकी वर्षं उभी होती. तो शब्द तिनं वर्गात कधी उच्चारला नव्हता. सासूबाईंनाही सांगितला नव्हता.

दुभाषी मुलाखतीसाठी आत आला आणि दार नजरेसमोर राहील अशी खुर्ची त्यानं निवडली. अनुभवी माणसं तशीच बसतात. तिला ते आवडलं.

"तुम्ही स्वतः कोठडीत होतात."

"हो."

"सुटलात कसे?"

"एका सकाळी दार उघडंच होतं. पहारेकरी रातोरात निघून गेले होते. मी चालत सुटलो."

तिनं पेन टेबलावर ठेवलं. कुणी फोन केला नाही, कुणी सोडवलं नाही, तरी हा माणूस तिच्यासमोर बसून चहा पीत होता. म्हणजे दारं उघडतात. आज घरी गेल्यावर सासूबाईंना हे सांगायचं, तिनं ठरवलं. उद्या कोर्टाचं नावही काढायचं नाही.

"माझ्या तासात काही चुकलं का?" तिनं विचारलं. आवाज जरा मऊ झाला होता.

"एक वाक्य काढून टाका, मॅडम. बरोबर उत्तर म्हणजे जिवंत माणूस."

"ते काढलं तर उरलं काय? सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे."

"असेल. पण मी एक बरोबर उत्तर दिलंय. दुसऱ्याचं."

त्यानं कप खाली ठेवला.

"मी तिथल्याच गावचा. आमच्यासारख्यांसाठी कोण प्रश्न पाठवतंय? सोबत बाहेरून आलेला एक जण होता. तापानं फणफणलेला. म्हणाला, माझ्यासाठी प्रश्न येईल. तोवर मी नसलो, तर मी सांगतो ते उत्तर तू दे. ज्याला उत्तर येतं त्याला ते मारणार नाहीत. प्रश्न आला, तेव्हा त्याला पुरून झालं होतं. मेलेल्याचा त्यांना काय उपयोग? त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. म्हणून आज इथे बसलोय."

"घरच्यांना कळवलं नाहीत?"

"कुणाला कळवू? नाव ना त्यानं सांगितलं, ना मी विचारलं. तुमचाच नियम."

चहा निवला होता. बाहेर कुणीतरी खुर्च्या एकावर एक रचत होतं. तिनं पेन पुन्हा हातात घेतलं आणि मुलाखत घेणाऱ्याच्या आवाजात विचारलं, "उत्तर काय होतं?"

"अगदीच साधं," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच थोडं हसला. "मला आधी थट्टाच वाटली. म्हणायचा, आमच्याकडे चोर आला असता, तर त्याला आधी जेवायला वाढावं लागलं असतं."