लाल काहीतरी

क्रेनचा पंजा कचऱ्यातून वर येत होता, तेव्हा त्याच्या लोखंडी बोटांमधून काहीतरी लाल निसटताना वहिनीला दिसलं. पापणी लवायच्या आत ते ढिगात गडप झालं. तिने दोन्ही दांडे मागे ओढले. पंजा अधांतरी थांबला.

ती उंचावरच्या काचेच्या खोलीत बसली होती. खाली विहिरीसारखा खोल हौद, आणि त्यात अख्ख्या शहराने घराबाहेर काढलेलं सगळं. ते उपसायचं, ओलं-कोरडं कालवून एकजीव करायचं आणि पलीकडच्या भट्टीच्या तोंडी घास घालायचा, हे तिचं काम. भट्टीतून वाफ, वाफेवर वीज, आणि उरलेली वाफ नळाने शेजारच्या इस्पितळात. तिचा धाकटा दीर खाली भट्टीच्या दाराशी कामाला होता. तो वहिनी म्हणे, म्हणून सगळा कारखानाच तिला वहिनी म्हणे.

"घास का थांबला?" भोंग्यातून पाळीप्रमुखांनी विचारलं.

"साहेब, ढिगात गॅसचा सिलिंडर असावा."

"असावा की आहे?"

"लाल काहीतरी दिसलं."

"नीट दिसलं?"

"नाही."

साहेब तसे भले माणूस, पण त्यांच्या डोळ्यांसमोर भट्टीच्या वाफेचा दाब दाखवणारा काटा होता. "मग दुसऱ्या कोपऱ्यातलं घाला."

"ते आत्ताच आलंय, ओलंचिंब आहे. भट्टी गुदमरेल त्याने."

"मग करायचं काय?"

"शोधते."

तेवढ्यात दीर मध्ये बोलला. "अहो वहिनी, घरी डोक्यावर ठेवलेला चष्मा सापडत नाही तुम्हाला. आणि एवढ्या डोंगरात सिलिंडर शोधणार?"

भोंग्यातून तिघाचौघांचं हसू आलं.

"तू दारापासून लांब हो," ती म्हणाली.

"लांब होऊन कसं चालेल? राख काय आपोआप..."

"लांब हो म्हटलं ना!"

हसू थांबलं. घरात तिचा चढलेला आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. तो लांब झाला.

तिने पंजा रिकामा केला आणि पुन्हा खाली सोडला, अगदी हलके. एरवी ती मूठ गच्च आवळायची. आता बोटं अर्धवट मिटून वरवरचा थर बाजूला सारू लागली. फाटक्या पिशव्या. फळ्या. एक मोडकी खुर्ची. मग काहीतरी लाल चमकलं. पंजाने ते उचलून काचेसमोर आणलं. बादली. तळ गेलेली, प्लॅस्टिकची.

"झालं समाधान?" साहेब म्हणाले. त्यांचा सुटलेला श्वास तिला ऐकू आला. "घाला आता घास."

तिने बादलीकडे पाहिलं. सगळे मोकळे झाले होते. तिलाही मोकळं होता आलं असतं.

"साहेब, बादली पंजात चेपते. मघाशी निसटलं ते चेपलं नव्हतं."

"वहिनी, काटा उतरतोय. इस्पितळातून फोन आलाय, कपडे उकळायचं यंत्र थंड पडतंय म्हणे."

"तेल जाळा तोवर."

"तेल जाळलं की वरचे मला जाळतील. पुन्हा सापडली बादलीच, तर काय सांगू त्यांना?"

"वहिनीचं डोकं फिरलं म्हणून सांगा. पण या ढिगातलं मी घालणार नाही. घालायचंच असेल तर दुसऱ्या कुणालातरी बसवा इथे."

ती उठली नाही. दांडेही सोडले नाहीत. खालून भट्टीची घरघर तेवढी येत होती, आणि तीही बारीक होत चालली होती.

"तेल सोडा," साहेब कुणालातरी म्हणाले. मग तिला म्हणाले, "शोधा. आणि तुमचं डोकंबिकं काही सांगणार नाही मी. माझाच हुकूम आहे."

तिने घाम पुसला नाही. पंजा सरकत राहिला. ढिगाच्या उतारावर एक जुनी कापसाची गादी पाण्याने फुगून पडली होती. पंजाने तिची कड उचलली. खाली आडवा पडलेला लाल सिलिंडर होता. एका बाजूला पोचा आलेला.



पंजाची टोकं सुळ्यांसारखी. एक जरी रुतलं असतं तरी सगळं संपलं असतं. तिने सिलिंडरला पंजा लागूच दिला नाही. आधी गादी पुन्हा त्याच्यावर पांघरली. मग भोवतालचा कचरा बाजूला सारला आणि बोटं लांबून, खोलवरून आत घातली. झोपलेलं मूल अंथरुणासकट उचलावं तसं तिने ते सगळं एकदमच उचललं. पंजा हौदावरून हळूहळू सरकत गाड्या रिकाम्या करायच्या ओट्यापर्यंत गेला. तिथली माणसं केव्हाच पांगली होती. तिने ओझं खाली टेकवलं आणि बोटं एकेक करून सोडवली, कापूससुद्धा ओढला जाऊ नये अशी.

दोघे जण पाण्याचा पाइप घेऊन पुढे गेले. एकाने गादी सारून सिलिंडर किंचित कलता केला आणि लगेच हात काढून घेतला. "भरलेला आहे," तो ओरडला.

वहिनीने पंजा वळवला. भट्टी उपाशी होती. एक घास, दुसरा, तिसरा. काटा थांबल्याचं साहेबांनी सांगितलं. मग चढू लागल्याचं.

मागचं दार उघडलं. दीर जिना चढून आला होता. त्याच्या हातात चहाचा कप होता.

"चहा घ्या, वहिनी."

"दांडे सोडता येत नाहीत रे आत्ता."

तो पुढे आला आणि कप त्याने तिच्या ओठांना लावला. तिचे हात दांड्यांवर स्थिर होते. घोटाघोटाला थांबत त्याने तिला सगळा चहा पाजला.