साठावं नाव

हे लिहायचंच नव्हतं सूर्यनारायणला. मोबाईलवर चारदा टाईप केलं, चारदा पुसलं. पाचव्यांदा ठेवलं ते असं.

तुळजाजी आजा खुर्चीत पुढं वाकून बसले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे. मंगळवारी त्यांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. समोर सूर्यनारायणच्या मांडीवर त्याच्या पणजोबांची, वरुणरावांची वही. सगळी मोडीत लिहिलेली. वरुणराव मलायात रबराच्या मळ्यावर कारकून होते. आजांचे वडील रामोजी त्याच मळ्यावर स्वयंपाकी. महायुद्धात जपानी आले, रामोजींना सयामच्या रेल्वेच्या बांधकामावर नेलं, ते परतले नाहीत.

"आई मरेपर्यंत कुंकू लावायची," आजा म्हणाले. "तिच्यासमोर बापाचं श्राद्ध कोण घालणार? आता तिथी मिळाली, तर जायच्या आधी एकदा पाणी सोडीन म्हणतो."

"जायची गोष्ट नको, आजा," वैद्यनाथ म्हणाला. तो त्यांचा नातू, सूर्यनारायणचा शाळेपासूनचा दोस्त. "डेय सूर्या, सापडलं का? का मोडी पण ढापून शिकलास, गणितासारखं?"

सापडलं होतं. मोबाईलवर तक्ते बघून बघून तो मोडी शिकला होता, आणि हे पान त्याला एका दमात वाचता आलं. नको तेव्हाच.

'सयामच्या रुळांसाठी साठ माणसं मागितली. साठावं नाव माझं होतं. ते खोडून रामोजीचं घातलं. त्याला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं नाही. विचारलं तेव्हा म्हणालो, रेशनची यादी आहे.'

मृत्यूची तिथी कुठंच नव्हती. पानाच्या डोक्यावर फक्त यादी केली त्या दिवसाची तिथी.

सूर्यनारायणनं ते पान पुन्हा एकदा वाचलं. दोघं त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"आषाढ वद्य षष्ठी," तो म्हणाला. "त्या दिवशी गेले."

"षष्ठी," आजा म्हणाले. पुन्हा म्हणाले. मग बोटं मोजली. "म्हणजे परवाच की." त्यांनी वहीला हात लावून डोळ्यांना लावला. "तुझा पणजोबा देवमाणूस. एवढ्या हालात माझ्या बापाची तिथी लिहून ठेवली."

सूर्यनारायणनं वही मिटली.

षष्ठीला तिरुवैयारूच्या घाटावर आजांनी कावेरीत तिळाचं पाणी सोडलं. विधी सांगणाऱ्या वाध्यारनं बापाचं नाव विचारलं तेव्हा ते लहान मुलासारखे मोठ्यांदा म्हणाले, "रामोजी." मग पायरीवर बसून खूप वेळ रडले. उठले तेव्हा भूक लागली म्हणाले.

वैद्यनाथ ओलं धोतर पिळत सूर्यनारायणजवळ आला.

"मला मोडी शिकव."

"तुला? तुला तमिळ वाचताना जांभया येतात."

"मस्करी नको. आजाच्या बापाचं नाव मला माझ्या डोळ्यांनी वाचायचंय. दुसऱ्यानं सांगितलेलं आणि आपण वाचलेलं, फरक असतो ना?"

"अवघड आहे रे. वर्ष जाईल."

"जाऊ दे. शिकवतोस का नाही, ते बोल."

आजा वरच्या पायरीवर केळं सोलत होते. सूर्यनारायणनं त्यांच्याकडं पाहिलं, मग दोस्ताकडं.

"ऑपरेशन होऊ दे, आजा घरी येऊ देत," तो म्हणाला. "मग शिकवतो. त्याच पानापासून."