इंजिनाला करंट नाही

सातव्यांदा दोरी ओढली तरी इंजिन नुसतं फुसफुसलं. जयवंताबाईंनी कपाळ पुसलं आणि दोरी पुन्हा चाकाला गुंडाळली.

"द्या, मी ओढून पाहतो," केशवराव म्हणाले आणि नावेत चढले.

ते बेज्जूरकडच्या एका शाळेत मास्तर होते. शनिवारची अर्धी शाळा उरकून थेट काठावर आले होते. प्राणहिता नदीपलीकडे, त्यांच्या सासरी, त्यांची मुलगी बारा दिवसांची झाली होती. त्यांनी तिला अजून पाहिलं नव्हतं. आज संध्याकाळी तिचं नाव ठेवायचं होतं, त्यासाठी पलीकडून दोनची बस गाठायची होती.

जयवंताबाईंचा नवरा धोंडीबा शहाऐंशीच्या पुरात गेला. प्रेत सापडलं नाही. गावानं तेरावं केलं आणि आपापल्या कामाला लागलं. सात वर्षं त्या काठावरच्या खोपटात एकट्याच राहत होत्या. नवऱ्याचं हे जुनं इंजिन खोलायला, जोडायला स्वतःच शिकल्या होत्या. माणसं नावेत चढत, उतरत, निघून जात. दिवसभरात चार शब्द बोलणं झालं तरी पुष्कळ.

पैलतीरावर एक माणूस उभा होता. पायाशी पेटी होती. मधूनच तो खांद्यावरचा दुपट्टा हलवी, हाक मारी, पण वाऱ्यात शब्द विरून जात.

"तो बिचारा कवाचा वाट पाहून राह्यला," केशवराव म्हणाले. "बांबूनं नेता नाही येत नाव?"

"मधात धार हाय गुरुजी. बांबू तळाले टेकत नाई."

केशवरावांच्या घरी पूर्वी पेट्रोलवर चालणारा पंप होता, त्यांना थोडंफार कळत होतं. त्यांनी टाकीचं झाकण सैल करून पाहिलं. हवेचं भोक मोकळं होतं. तेलाची नळी फुंकली. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल हातावर घेतलं. पाण्याचा थेंब नव्हता. मग प्लग काढला. ओला होता. जयवंताबाईंनी तो पुसला, चुलीवर शेकून आणला, पॉलिशपेपरनं घासला.

केशवरावांनी प्लग इंजिनाच्या अंगाला टेकवून धरला. जयवंताबाईंनी दोरी ओढली. ठिणगी पडली नाही.

"करंटच नाही. चाकाआडचे पॉइंट पाहिले का? करंट तिथूनच येतो."

"तेच पयले पाह्यले."

केशवरावांनी घड्याळ पाहिलं. दोनला वीस मिनिटं होती. त्यांनी शर्ट काढून ठेवला, वायर सोलून नव्यानं जोडली, पुन्हा दोरी ओढली. हाताला फोड आले. जयवंताबाई पैलतीराकडे पाठ करून बसल्या होत्या.

"गुरुजी, तो मानूस बसला का उभाच हाय?"

"उभाच आहे."

"एकटाच? का कोनी हाय संगं?"

"एकटाच दिसतो."

त्या प्लग पुन्हा घासू लागल्या, घासायचं काही उरलं नव्हतं तरी.

दोन वाजता पलीकडे धूळ उडाली. बस थांबली. माणूस बराच वेळ नदीकडे पाहत राहिला. कंडक्टरनं शिटी मारली असावी. माणसानं पेटी उचलली आणि तो बसमध्ये चढला.

केशवराव फळीवर बसले. "गेली बस."

"तो बी गेला?"

"गेला."

जयवंताबाईंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "तुमचं लय नुकसान झालं गुरुजी. पाचची बस भेटंल तुमाले. बसा."

त्यांनी केसातली पीन काढली, चाकाच्या खिडकीतून आत घातली, पॉइंटांमध्ये अडकलेली कागदाची घडी ओढून काढली आणि बाजूला टाकली. दोरी एकदाच ओढली. इंजिन धडधडू लागलं.

केशवराव बघतच राहिले. विचारायचं होतं, पण जयवंताबाई समोर पाण्याकडे पाहत होत्या आणि गाल ओले होते.

ती घडी वाऱ्यानं केशवरावांच्या पायाशी आली. पोस्टकार्डाची फाडलेली पट्टी होती. त्यांनी ती उलगडली. निळ्या शाईत एकच ओळ होती.

"शनवारी येतो. नाव घेऊन ये. धोंडीबा."